मोरजळच्या पाण्यापर्यंत

फाईल उघडली तेव्हा सुखदाच्या हातात चहाचा कप होता. तो कितीतरी वेळ तसाच हातात राहिला.

कुवेत शहराच्या शर्क भागात, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका उंच इमारतीत तिची बँक होती. परदेशातल्या मोठ्या बांधकामांना ती कर्ज द्यायची. पण पैसे सोडण्याआधी ते बांधकाम तिथल्या पाण्याचं, झाडांचं आणि माणसांचं काय करणार आहे हे बघायचं, पटलं नाही तर अटी घालायच्या, हे सुखदाच्या छोट्याशा विभागाचं काम. आजवर तिने सिमेंटचे कारखाने बघितले होते, बंदरं बघितली होती, एक मोठा कत्तलखानाही बघितला होता. या वेळी आलं होतं तलावाकाठचं रिसॉर्ट हॉटेल. ठिकाण महाराष्ट्रात. इथवर नवल नव्हतं. पुढच्या ओळीत तलावाचं नाव होतं. मोरजळ.

तिचं सगळं बालपण मोरजळला गेलं होतं.

पुढे फोटो होते. एका फोटोखाली लिहिलं होतं, ‘पाटबंधारे खात्याची जुनी वसाहत. निर्मनुष्य, पडीक. पाडण्यास हरकत नाही.’ छपरं उडालेल्या क्वार्टर्सची रांग, भिंतींतून उगवलेले पिंपळ, आणि अगदी टोकाच्या घरापुढे अर्धगोल सिमेंटचा कट्टा. तो कट्टा तिच्या वडिलांनी एका रविवारी स्वतःच्या हाताने बांधला होता. ओल्या सिमेंटवर पाय द्यायचा नाही अशी सक्त ताकीद असताना तिने द्यायचा तो दिलाच होता.

मग आठवणींना काही धरबंध राहिला नाही. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी वाजणारा भोंगा. निलगिरीच्या पाल्याचा वास येणारा वसाहतीतला रस्ता. शनिवारी क्लबच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून दाखवलेले सिनेमे, आणि वाऱ्याने चादर हलली की नायकाचं वाकडं होणारं तोंड. आईची बालवाडी. आणि साऱ्या वसाहतीभोवती आईने चढवलेली मधुमालती, तिची ती गुलाबी-पांढरी भिंत. पानांच्या फटींतून पलीकडे पाणी चकाकायचं.

सुखदा उठली आणि बदरियाच्या खोलीत गेली. बदरिया विभागाची प्रमुख, पन्नाशीची कुवेती बाई, बोलायला मोजकी.

“मॅडम, या फाईलवर मला सही करता येणार नाही. मी या गावात वाढलेय.”

“तिथे तुमचं घर आहे? जमीन?”

“नाही. सरकारी क्वार्टर होतं. वडील धरणावर अभियंता होते. दहावीपर्यंत आम्ही तिथे राहिलो, एवढंच.”

“एवढंच!” बदरिया हसली. थोडा वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. “माझ्या आजीचं घर मिर्काबला होतं, शहराच्या जुन्या कोटाच्या आत. मातीच्या भिंती, मधे अंगण. तेल निघाल्यावर सरकारने ती सगळी वस्ती विकत घेतली. किंमत भरपूर दिली. आजीला लांब कुठेतरी मोठा बंगला मिळाला. किमतीबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. फक्त संध्याकाळ झाली की विचारायची, आता मी शेजारच्या उम्म अलीच्या घरी पायी कशी जाऊ?”



“ही फाईल नौमान बघेल,” बदरिया पुन्हा कामाच्या सुरात म्हणाली. “सही त्याची. पण तिथल्या लोकांशी बोलणं मराठीत होणार. तेव्हा तो विचारेल आणि तू इंग्रजीत उतरवून घेशील. प्रश्न विचारायचा नाही, ओळख दाखवायची नाही. नुसतं ऐकायचं. जमेल?”

“जमेल,” सुखदा म्हणाली.

नौमान मूळचा श्रीवर्धनचा. आधी शुऐबाच्या एका रसायन कारखान्यात सुरक्षेचं काम बघायचा, मग इकडे आला. सुखदाहून आठ-दहा वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायचा. त्याने फाईल ताब्यात घेतली आणि संध्याकाळपर्यंत वाचून काढली.

बँकेने प्रकल्पाची माहिती रिवाजाप्रमाणे आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी टाकली होती. त्यामुळे घरी सांगायला आडकाठी नव्हती. हवल्लीतल्या सुखदाच्या फ्लॅटमध्ये दिवाळीपासून तिचे वडील राहायला आले होते. तुळशीदास धुमाळ, घरात सगळ्यांचे अण्णा. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. एकटे गावी राहून अण्णा वाळत चालले होते, म्हणून सुखदाच्या नवऱ्याने, धैर्यशीलने, हट्टाने त्यांना हिवाळ्यापुरतं आणलं होतं. इथे ते सकाळी कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, खुबूसच्या रोट्या आणायचे, दुपारी पेपर वाचायचे आणि संध्याकाळी खाली चौकात फेऱ्या मारायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, मजेत आहे. पण मजेत असलेला माणूस दिवसातून इतक्यांदा घड्याळ बघत नाही.

जेवताना सुखदाने मोरजळचं नाव काढलं आणि अण्णांचा घास हातातच राहिला.

“कुठलं मोरजळ? आपलं?”

तिने टॅबवर फोटो दाखवला. अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“हा आपला कट्टा,” ते म्हणाले. “ह्याच्यावर तुझी आई पोरांना बसवायची. बालवाडीचं छप्पर गळायचं ना पावसाळ्यात, मग वर्ग आपल्या ओसरीत आणि कट्ट्यावर. सगळी पोरं ओली, सगळ्यांना गरम दूध. माझा अर्धा पगार दुधात जायचा बघ.”

मग अण्णा थांबेनातच. कोण कुठल्या क्वार्टरमध्ये राहायचं, कुणाच्या बायकोशी कुणाचं पटत नव्हतं, कोजागिरीला तलावात नाव कशी काढायचे, सुखदाने एकदा नाव सोडून दिली तेव्हा काय हाहाकार झाला होता. सुखदा मधेच दुरुस्ती करायची, अण्णा ती मोडून काढायचे. दोघं हसून हसून लाल झाली. आई गेल्यापासून अण्णांना असं हसताना कुणी बघितलं नव्हतं.

सुखदाची नववीतली मुलगी ज्ञानदा गालाला हात लावून ऐकत होती. “आजोबा, सो इट वॉज लाइक अ रिसॉर्ट?”

“रिसॉर्टच की गं,” अण्णा म्हणाले. “फुकटचं.”

सकाळी सुखदा ऑफिसला निघाली तेव्हा अण्णा दाराशी उभे होते. रात्रभर मनात घोळवलेलं त्यांनी बोलून टाकलं. “ती क्वार्टर्स पाडायलाच पाहिजेत का? दगडी भिंती आहेत. नुसती छपरं घातली की झालं. हॉटेलवाल्यांनी त्यातच खोल्या कराव्यात. पाहुण्यांनाही आवडेल.”

सुखदाला ते एकदम पटलं. खरं तर तिच्याही मनात तेच होतं, फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं. ऑफिसात पोचल्या पोचल्या ती नौमानच्या टेबलाशी गेली. जुनी वसाहत जपता येईल, परिसराची ओळख टिकेल, पाडकामाचा राडारोडाही तलावात जाणार नाही, असं तिने त्याला भरभरून सांगितलं.

नौमानने ऐकून घेतलं. “ताई, वारसा म्हणावं इतकी जुनी नाहीत हो ती घरं.”

“जुनी नसतील. पण लोकांच्या आठवणी आहेत त्यांच्यात.”

“कुठल्या लोकांच्या?” नौमानने विचारलं. त्याच्या विचारण्यात काही खोच नव्हती. “बरं, मी त्यांनाच विचारतो. तलावावर मासेमारी करणाऱ्यांची एक सोसायटी आहे. कंपनी म्हणते त्यांचा प्रकल्पाला होकार आहे, पण ती सभा कंपनीच्याच हॉलमध्ये झाली, मॅनेजर समोर बसलेला. अशा सभेत कोण नाही म्हणेल? मी पुन्हा घ्यायला सांगितलंय. सोसायटीच्या शेडमध्ये, कंपनीचं कुणी नको.”

ती सभा पुढच्या आठवड्यात झाली. मोरजळला एका स्थानिक संस्थेच्या कार्यकर्तीने फोन धरला होता आणि इकडे शर्कमध्ये भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ते चित्र दिसत होतं. पत्र्याची शेड, दोरीवर टांगलेली जाळी, सतरंजीवर बसलेली माणसं. बायका पुढे, पुरुष मागे. सुखदा कॅमेऱ्याच्या बाहेर, नौमानच्या उजव्या हाताला लॅपटॉप घेऊन बसली होती.

बोलायला सोसायटीची अध्यक्ष उठली. हिरवी नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. बोलायच्या आधी तिने मान एका बाजूला कलती केली आणि सुखदाने तिला ओळखलं. ही सगुणा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत तिच्या शेजारी बसणारी सगुणा. डोंगरापलीकडच्या वस्तीतून यायची, तिच्या दप्तराला कायम पाण्याचा वास असायचा. सुखदाचे ओठ नावासाठी उघडले आणि तिने ते मिटले.

“आमचं गाव पाण्याखाली गेलं तवा आमास्नी डोंगराच्या पल्याड टाकलं,” सगुणा सांगत होती. “पाणी आमच्या रानात आलं, पर पाण्यावर जायाला आमाला वाट न्हाई. का तर मधी कॉलनी. कॉलनीला काटेरी तार आन् फाटकावर वॉचमन. माझी आय मासळीची पाटी डोक्यावर घिऊन आख्खा डोंगर वळसा घालून यायची. पावसात दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली ती लंगडीच झाली.”

सुखदाने इंग्रजीत लिहिलं, काटेरी तार. आणि तिची बोटं थांबली.

तार होतीच की. मधुमालती हवेत थोडीच चढते? ती तारेवर चढवलेली होती. फुलं तोडताना एकदा तिच्या तळहातात काटा गेला होता, आईने हळद भरली होती, आणि मधुमालतीला काटे कसे, हे तेव्हाही तिच्या मनात आलं नव्हतं. इतकी वर्षं तिला ती फुलांची भिंत म्हणूनच आठवत आली. सगुणा पलीकडच्या बाजूला होती. तिकडून ती कशी दिसत होती कोण जाणे.

“मग कॉलनी उठली,” सगुणा पुढे म्हणाली. “सायेबलोक गेले. तार गंजली, पडली. तवापासनं आमी सरळ पाण्यावर जातोय. आमचं चांगलं दिस म्हंजे ह्येच, कॉलनी उठल्यावरचं. आता हाटेलवाले म्हणत्यात, पुन्यांदा कंपाउंड घालनार.”

नौमानने आणखी काही विचारलं, पाण्याचं, कामाचं, सांडपाण्याचं. मग त्याने सुखदाकडे एकदा ओझरतं बघितलं आणि विचारलं, “वसाहतीची जुनी घरं आहेत तिथे. ती तशीच जपावीत असं कुणाला वाटतं का?”

शेडमध्ये हशा पिकला. त्यात वाईट काही नव्हतं. एखाद्या पाहुण्याने भलताच प्रश्न विचारावा आणि घरच्यांना हसू यावं, तसं.

“ती कशाला जपायची?” सगुणा म्हणाली. “आमच्यातलं कोन ऱ्हायलं हुतं तिथं? पाडा की खुशाल. हाटेल बांधा, आमच्या पोरींना कामं द्या. आमी काय इकासाच्या आड न्हाई. पर वाट बंद करू नगा सायेब. येवढंच.”

सुखदाने तेही शब्दन् शब्द उतरवलं. पडदा काळा झाल्यावर नौमान काही बोलणार इतक्यात तीच म्हणाली, “ती क्वार्टर्स जपायची माझी सूचना काढून टाक.”

“लिहिलीच नव्हती अजून,” नौमान म्हणाला आणि दोघांसाठी चहा आणायला गेला.

अण्णांना हे कसं सांगावं ते तिला कळेना. तिने शुक्रवारपर्यंत दिवस ढकलले. शुक्रवारी धैर्यशीलने सगळ्यांना वफ्राला न्यायचं ठरवलं होतं. थंडीत कुवेतमधली निम्मी माणसं तिकडच्या शेतांवर भाजी घ्यायला जातात. गाडी दक्षिणेला निघाली, डावीकडे लांबवर शुऐबाच्या कारखान्यांच्या धुराड्यांतल्या ज्वाळा दिवसाउजेडी फिकट दिसत होत्या, आणि मग वाळवंटात तंबूच तंबू. अण्णा खिडकीला नाक लावून बसले होते. वफ्राला हरितगृहांच्या रांगा लागल्या तेव्हा त्यांना राहवेना. खाली उतरून ते ठिबकच्या नळ्या हाताने चाचपून बघत राहिले. थेंब कसा पडतो, किती वेळाने पडतो. आयुष्यभर कालव्याने पाणी सोडलेला माणूस, त्याला थेंबाचं अप्रूप वाटलं.

धैर्यशील आणि ज्ञानदा काकड्या-टोमॅटो निवडत होते. सुखदा आणि अण्णा खजुराच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले, आणि तिने सांगितलं. सगुणाचं नाव सांगितलं नाही. एक बाई असं म्हणाली, एवढंच.



“तार होती,” अण्णा म्हणाले. “होतीच. मी रोज त्या फाटकातून जीप आत घ्यायचो. वॉचमन सलाम ठोकायचा.” मग ते तिच्याकडे वळले. “पण म्हणजे काय सुखदा, आपण तिथे सुखात होतो ते काय खोटं होतं?”

“नाही अण्णा. ते खरंच होतं.”

“आणि ती बाई म्हणते?”

“तेही खरं आहे.”

अण्णांनी मान हलवली, पण ती पटल्याची खूण नव्हती. पुढचे दोन दिवस ते खाली फिरायलाही गेले नाहीत. खुबूस धैर्यशीलने आणला. सुखदाला वाटलं, हसू परत आलं होतं माणसाला, आपणच ते हिरावून घेतलं. तिला आईची फार आठवण झाली. आई असती तर तिने दोन वाक्यांत अण्णांना वाटेवर आणलं असतं, आणि ती कुठली वाक्यं हे सुखदाला कितीही डोकं खाजवून सुचत नव्हतं.

इकडे नौमानने कंपनीला पत्र धाडलं. लोकांच्या येण्याजाण्याची सोय दाखवा, मग पुढचं बोलू. कंपनीने कुरकुर करत एक नकाशा पाठवला. हॉटेलच्या कुंपणाच्या कडेने एक पायवाट, थेट तलावापर्यंत. तो नकाशाही संकेतस्थळावर लागला, कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणावं म्हणून. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, झालं, प्रश्न सुटला.

त्या संध्याकाळी सुखदा घरी आली तर अण्णा टॅब घेऊन टेबलाशी बसलेले. ज्ञानदाने त्यांना नकाशा उघडून दिला होता.

“हा कुणी काढलाय?” अण्णांनी विचारलं. आवाज एकदम जुना, साइटवरचा. “ही वाट जिथे संपते ती रेघ भरलेल्या तलावाची आहे. काठोकाठ पाणी असतं ते दिवाळीपर्यंत. मोरजळचा काठ त्या बाजूला ताटलीसारखा उथळ आहे. चैत्र-वैशाखात पाणी पार खाली सरकतं आणि मधे गाळ उरतो, गुडघाभर. एकदा माझी म्हैस... आपली नाही, वॉचमनची म्हैस रुतली होती, काढायला निम्मी कॉलनी लागली. तिथे वाट संपवली तर उन्हाळ्यात त्या बायकांनी काय उडत जायचं?”

सुखदा खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. “अण्णा, हे तुम्ही लिहा. कुणीही लिहू शकतं तिथे. मी नाही लिहू शकत.”

“मला कुठं ते टायपिंग येतंय?”

“आय विल टाइप,” ज्ञानदा म्हणाली. “पण स्लोली सांगा.”

मग तो कार्यक्रम झाला. अण्णा सांगताहेत, ज्ञानदा एका बोटाने मराठी टाइप करतेय आणि दर ओळीला अडतेय. “आजोबा, गाळ मीन्स?” अण्णांनी आधी हातवारे करून सांगितलं, मग तिला पटेना म्हणून स्वयंपाकघरातून भिजवलेल्या कणकेचं भांडं आणलं आणि त्यात तिचं बोट खुपसलं. “ह्याच्यात चालून दाखव.” ज्ञानदा खिदळली. अण्णाही. ते सगळं लिहून व्हायला जेवणाची वेळ टळली, पण धैर्यशीलसुद्धा त्याबद्दल काही बोलला नाही.

नौमानने ती सूचना वाचली, खालचं नाव वाचलं, आणि सुखदाकडे बघून फक्त भुवया उंचावल्या. मग त्याने मोरजळला फोन करून सोसायटीला विचारून घेतलं. खरंच आहे, ते म्हणाले, उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायची सोय नसते. अट पक्की झाली. वाट दगडाची, आणि उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पाण्यापर्यंत. शेवटी नावा लावायला धक्का, वर जाळी वाळवायला मोकळं पटांगण. आणि तार कुठेही नाही.

कंपनी आता मात्र खवळली. त्यांचे दोन अधिकारी विमानाने कुवेतला आले. पाहुणे हजारो मैल उडून येणार ते वाळत घातलेली जाळी बघायला का, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. सुखदाला त्या बैठकीत बसता येणार नव्हतं. तिने काचेच्या भिंतीतून बघितलं. नौमान शांतपणे कागद पुढे सरकवत होता, आणि शेवटी बदरिया काहीतरी एकच वाक्य बोलली. ते दोघे अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. नंतर नौमानने सांगितलं, वाट नसेल तर कर्जही नाही, एवढंच ती म्हणाली, आणि पाहुण्यांना खजूर घ्या म्हणाली.

वसंतात कर्ज मंजूर झालं. अण्णा उन्हाळ्याआधी गावी परतले आणि दिवाळी झाल्यावर पुन्हा आले, या वेळी कुणी हट्ट न करता. तोवर फाईल विभागाच्या बाहेर गेली होती. कामाच्या प्रगतीचे फोटो मात्र नौमानला यायचे. एकदा त्याने सुखदाला बोलावून एक दाखवला. क्वार्टर्स नव्हती. सपाट तांबडी जमीन होती, आणि तिच्या कडेने खाली उतरत गेलेली दगडी वाट. फोटोतून निलगिरीचा वास येत असता तर बरं झालं असतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

अण्णांनी तो फोटो खूप वेळ बघितला. ते काय म्हणतील म्हणून सुखदा शेजारीच थांबली होती.

“उतार चांगला काढलाय,” ते म्हणाले. “पाणी साचणार नाही.” आणि टॅब तिच्या हातात देऊन आत गेले. थोड्या वेळाने नाक शिंकरल्याचा आवाज आला.

आता तिला ओळख दाखवायला बंदी उरली नव्हती. एका शुक्रवारी संध्याकाळी, खाली हवल्लीच्या रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत असताना, तिने सोसायटीच्या नंबरवर फोन लावला.

“कोन सुखदा?” सगुणाने विचारलं.

“कॉलनीतली गं सगुणा. धुमाळ साहेबांची. चौथीत तुझ्या शेजारी बसायची.”

पलीकडे एक किंकाळी. “सुखे! अगं तू हैस कुठं? कुवेत? म्हंजे लईच लांब की गं!”

सुखदाने तिला सगळं सांगितलं. त्या दिवशी फोनवर ती होती, बोलायची परवानगी नव्हती, हेही.

“म्हंजे मी कॉलनी पाडा म्हनाले ते तू ऐकलंस?” सगुणा हसायला लागली, मग थांबली. “वाईट वाटलं का गं?”

“वाटलं,” सुखदा म्हणाली. “पण तुझं बरोबर होतं.”

“बरोबर काय, माझं प्वॉट हाय त्याच्यावर. वाट लई झ्याक झालीया. पार खालपातुर. म्हाताऱ्या बायाबी जात्यात आता.” मग तिचा आवाज उतरला. “बाई कशा हैत? तुझी आई?”

“आई गेली गं. तीन वर्षं होतील.”

सगुणा चुकचुकली. “लई जीव लावायच्या बाई,” सगुणा म्हणाली. “माझ्या आयेची आन् त्यांची तर मैतरकीच हुती. तुला सांगते, आता काय हरकत न्हाई. बालवाडी सुटली की बाई पाठीमागच्या चढानं आमच्या वस्तीवर यायच्या. आयेनं मरळीचं कालवण केलेलं असायचं. चुलीपाशी बसून भाकरीसंगं खायच्या, अशा बोटं चाटून. त्यांचं म्हायार कोकनातलं ना? लगीन झालं माळकऱ्यात. मासळीवाचून जीव कासावीस व्हायचा म्हनायच्या. आन् आमाला शप्पथ घातलेली, सायेबांना सांगायचं न्हाई.”

सुखदा हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या आईला तिने जन्मात कधी माशाकडे बघताना पाहिलं नव्हतं. घरात अंडंसुद्धा येत नसे.

फोन ठेवून ती वळली तर अण्णा हॉलच्या दारात उभे.

“काय म्हणत होती सगुणा?”

तिने आधी टाळलं. मग अण्णांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघत, घाबरत घाबरत, सांगून टाकलं.

अण्णा सोफ्यावर टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

“ठाऊक होतं मला,” ते म्हणाले. “पहिल्या वर्षीच कळलं. बालवाडीतून आली की तोंडात बडीशेप. मासे झाकायला बडीशेप! मला वाटलं, बिचारीला कुठून मिळवावी लागत असेल. म्हणून मी दर बाजाराला आणून डब्यात भरून ठेवायचो. तिला वाटायचं, मला जेवणानंतर लागते.”

ज्ञानदा अभ्यासाचं पुस्तक मिटून जवळ आली होती. “पण आजोबा, तुम्ही तिला सांगितलं का नाही? यू न्यू!”

“सांगितलं असतं तर तिला जाणं सोडावं लागलं असतं गं,” अण्णा म्हणाले. मग थोडं हसून, “आणि मला विचारशील तर, त्या दिवशी ती फार खुशीत असायची. रात्री भाकऱ्या थापताना गाणं म्हणायची.”

“कुठलं गाणं?” सुखदाने विचारलं. तिला तेही ठाऊक नव्हतं.

अण्णा आठवायला लागले. शब्द काही केल्या सापडेनात, चाल मात्र होती. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरत ते ती गुणगुणायला लागले, आणि मायलेकी त्यांच्या दोन बाजूंना बसून ऐकत राहिल्या.